क्लासिकल गिटार शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासिकल गिटार शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाचे आहेत, पुढचे जरा अडनिडे. उजवा हात म्हणजे तारा छेडणारा आणि डावा म्हणजे तारा दाबणारा, असं धरून चाललो आहोत. डावखुऱ्यांनी प्रश्न १९ आधी वाचावा. तारांचे क्रमांक बारीक तारेपासून मोजायचे: पहिली तार सर्वांत बारीक आणि जमिनीच्या बाजूची, सहावी सर्वांत जाड.

१. क्लासिकल गिटार आणि नेहमीची अकूस्टिक गिटार यांत नेमका फरक काय?

फरक तारांपासून सुरू होतो. क्लासिकल गिटारच्या पहिल्या तीन तारा सलग नायलॉनच्या असतात. चौथी, पाचवी आणि सहावी या खर्जाच्या तारा. त्यांच्या पोटात नायलॉनच्या बारीक धाग्यांचा जुडगा असतो आणि त्यावर बहुधा चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. १९४० च्या दशकापर्यंत बारीक तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांची टंचाई झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या आणि स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या.

दुसरा फरक मापांचा. नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) क्लासिकल गिटारची नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलच्या तारांच्या गिटारची ४३-४४. ही जादा रुंदी उजव्या हाताच्या बोटांना दोन तारांमध्ये जागा मिळावी म्हणून आहे, कारण इथे प्लेक्ट्रम (तारा छेडायची चपटी पट्टी) वापरत नाहीत. नेक बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पेटीला मिळते. नटपासून ब्रिजपर्यंत (पेटीवर तारा बांधायचा लाकडी तुकडा) तारेची वाजणारी लांबी बहुतेक वेळा ६५० मिलिमीटर असते. हे माप आणि आजचा आकार रूढ होण्यामागे आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराचं काम आहे.

२. क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल ना?

थोडे दिवस येईल, मग ब्रिज उखडेल. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलच्या तारांचा ७० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. क्लासिकल गिटारची वरची पाटी पातळ असते, ब्रिज तिच्यावर फक्त सरसाने चिकटवलेला असतो आणि नेकमध्ये बहुधा लोखंडी दांडी नसते. इतका ताण आला की पाटी फुगते आणि नेक वाकते. आवाज हवा असेल तर उजवा हात आणि नखं सुधारा (प्रश्न ६ आणि ८).

३. पहिली गिटार घेताना काय तपासू?

तारांची उंची सर्वांत आधी. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: सहावी तार ४ मिलिमीटरच्या आसपास, पहिली ३ च्या आसपास. सहावी ५ च्या वर असेल तर डाव्या हाताचे हाल ठरलेले. ब्रिजवरची पांढरी पट्टी खालून घासून उंची कमी करता येते, पण हिशेब लक्षात ठेवा: बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरवायचा तर पट्टी २ मिलिमीटर घासावी लागते. पट्टीत तेवढा माल शिल्लक आहे का ते पाहा.

मग प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून, तार छेडून हार्मॉनिक (घंटेसारखा स्वर) काढा आणि त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर सावकाश वाजवून कुठे खरखर येते का ऐका.

पैसे घालायचेच तर वरच्या पाटीवर घाला. ती प्लायवुडऐवजी एकसंध लाकडाची असली की आवाजात फरक पडतो. लाकूड स्प्रूसचं की सीडरचं, हा वाद पहिल्या गिटारला लागू नाही.

मुलांसाठी लहान मापं मिळतात: तीन-चतुर्थांश मापात तारेची लांबी साधारण ५८ सेंटिमीटर, अर्ध्या मापात ५३ च्या आसपास. वयापेक्षा हात पाहा. पहिल्या फ्रेटवर बोट ठेवल्यावर कोपर ताठ सरळ होत असेल तर गिटार मोठी आहे. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका. कपड्यांचा नियम इथे चालत नाही.

४. कसं बसायचं? डाव्या पायाखाली फूटस्टूल लागतंच का?

बिनहाताच्या, सपाट खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. डावा पाय १२ ते १८ सेंटिमीटर उंच फूटस्टूलवर. गिटारची कंबर डाव्या मांडीवर, खालचा फुगीर भाग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकलेला, पेटीच्या पाठीची वरची कड छातीला आणि उजव्या हाताचा पुढचा भाग पेटीच्या वरच्या काठावर. हे चार टेकू झाले. खुंट्यांचं डोकं डोळ्यांच्या उंचीच्या आसपास येतं.

तपासणी सोपी आहे: डावा हात पूर्ण सोडून द्या. गिटार हलली किंवा नेक खाली आली, तर आतापर्यंत डावा हात ती तोलून धरत होता. तोलणारा हात मोकळेपणाने फ्रेट बदलू शकत नाही, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

नेहमीची चूक म्हणजे बोटं दिसावीत म्हणून गिटारचा दर्शनी भाग आकाशाकडे कलवणं. त्याने डावं मनगट आत मुडपतं. मान थोडी पुढे झुकवून नेकची कड पाहा, तेवढं पुरतं.

फूटस्टूल अनिवार्य नाही. एक पाय तासन्‌तास उंच ठेवल्याने कंबर एका बाजूला कलते आणि काहींची पाठ धरते. अशांनी मांडीवर ठेवायची उशी किंवा गिटारला चिकटणारा आधार वापरावा, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर राहतात. कोन मात्र तोच हवा. हा शोध आजचा नाही: एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश वादक दिओनिसियो अग्वादो यांनी गिटार अंगापासून वेगळी धरणारी तिवईच काढली होती.

५. स्वरलिपीत पी, आय, एम, ए असं लिहिलेलं असतं, ते काय?

उजव्या हाताच्या बोटांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं. पी अंगठा, आय तर्जनी, एम मध्यमा, ए अनामिका. करंगळी क्वचितच वापरतात. डाव्या हाताला आकडे असतात: तर्जनी १ ते करंगळी ४, आणि ० म्हणजे मोकळी तार. वर्तुळातला आकडा तारेचा, रोमन आकडा फ्रेटचा.

६. उजव्या हाताची नेमकी ठेवण कशी? माझा हात प्रत्येक छेडीला उडतो.

हात उडतो, कारण बोट तारेला बाहेर खेचतं. आकडीसारखं टोक वाकवून तार वर ओढली की हात तिच्यामागे वर जातो. बोटाची हालचाल मुळाच्या सांध्यातून, म्हणजे जिथे बोट तळहाताला जोडलं जातं तिथून, आणि तळहाताच्या दिशेने व्हायला हवी. टेबलावरून हात उचला, सैल मूठ मिटा, उघडा. तीच हालचाल गिटारवर आणायची आहे.

ठेवण अशी: हाताचा पुढचा भाग कोपराच्या जरा अलीकडे पेटीच्या काठावर टेकवा. मनगट डावी-उजवीकडे सरळ, पाटीपासून किंचित उचललेलं. अंगठा बोटांच्या पुढे, नेकच्या बाजूला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना ओलांडून फुलीसारखी दिसतात. अंगठा तळहातात शिरला की तो बोटांना आपटतो. करंगळी पाटीवर टेकवू नका, तिच्यामुळे अनामिका बांधली जाते.

उडणाऱ्या हातावर औषध: सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार अनुक्रमे पी, आय, एम, ए या बोटांखाली घ्या आणि चारही बोटं तारांवर आधी टेकवा. मग एकेक सोडा. टेकवा, दाब द्या, सोडा, बोट सैल. ‘सैल’ हा चौथा टप्पा बहुतेक जण गाळतात. छेडल्यानंतर बोटात ताण उरला की तो पुढच्या बोटाला अडवतो, आणि वेग वाढला की सगळा हात गोठतो.

७. टेकवून छेडायचं की मोकळं?

दोन्ही शिकायचं. टेकवून छेडताना, ज्याला आपोयांदो म्हणतात, बोट तार ओलांडून शेजारच्या जाड तारेवर विसावतं. तार पाटीकडे ढकलली जाते आणि स्वर भरीव येतो. मोकळ्या छेडीत, तिरांदोमध्ये, बोट शेजारच्या तारेवरून अलगद निघून जातं. एकेरी सुरावट, स्वरपट्ट्या आणि उठावाचे स्वर टेकवून. कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) आणि आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) मोकळे, कारण टेकलेलं बोट शेजारची वाजती तार बंद करतं.

आधी मोकळी छेड पक्की करावी, असं आमचं मत आहे. उलट क्रमाने शिकलेल्यांची मोकळी छेड अनेकदा पातळ राहते.

८. नखं वाढवावीच लागतात का? किती, आणि कोणत्या आकाराची?

सक्ती नाही. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा आयुष्याच्या उत्तरार्धात नखांशिवाय वाजवत. पण आज बहुतेक वादक नखं ठेवतात, कारण आवाजाचा पल्ला आणि रंग वाढतात.

नख एकटं वाजत नाही. तार आधी बोटाचं मांस आणि नख यांच्या सांध्यात बसते, मग नखाच्या कडेवरून घसरत सुटते. म्हणून नखाची कड म्हणजे तारेसाठी घसरगुंडी. तळहात स्वतःकडे धरून पाहिलं तर नख बोटाच्या टोकापुढे १ ते २ मिलिमीटर दिसावं. अंगठ्याचं थोडं जास्त चालतं.

घासताना कानस नखाच्या खालून, जिथे तार लागते त्याच कोनात धरा. तार शिरते त्या बाजूपासून, म्हणजे बोटांच्या अंगठ्याकडच्या बाजूपासून, ती सुटते त्या जागेपर्यंत सरळ किंवा किंचित गोल उतार हवा. मग ६०० नंबरच्या आणि शेवटी २००० नंबरच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करा. हा शेवटचा टप्पा टाळलात, तर महागड्या गिटारमधूनही खरवडल्यासारखा आवाज येतो.

ऐकून दोष ओळखा. स्वराआधी ‘टिक्’ येत असेल तर नख मांसाच्या आधी तारेला लागतं: नख लांब आहे किंवा हाताचा कोन चुकला आहे. नख तारेत अडकत असेल तर एखादा कोपरा टोकदार राहिलाय. आवाज बोथट असेल तर नख तोकडं आहे. नखं आतल्या बाजूला वळत असतील तर ती आणखी आखूड आणि कड अधिक सरळ ठेवा.

डाव्या हाताची नखं मात्र पूर्ण कापलेली. बोट टेबलावर उभं टेकवलं की नखाचा आवाज येता कामा नये.

९. नख तुटलं आणि उद्याच वाजवायचं आहे. काय करू?

बाकीची नखं आखूड घासून तुटक्याशी जुळवून घेणं हा सर्वांत सुरक्षित उपाय. एका बोटाचा रंग वेगळा ऐकू येण्यापेक्षा चारही बोटं थोडी मऊ वाजलेली बरी. ते शक्य नसेल तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखाच्या रुंदीचा कापा, एक बाजू खरबरीत करा, झटपट चिकटणाऱ्या सरसाच्या एका थेंबाने नखाच्या खाली, फक्त काठाशी चिकटवा आणि मग प्रश्न ८ प्रमाणे घासा. सरस कातडीला लागू देऊ नका. काम झाल्यावर तुकडा ॲसिटोनने सैल करून काढा. उपटलात तर उरलेलं नखही सोलून निघेल.

१०. तार दाबली की खरखर येते. आणखी जोरात दाबू का?

नको. आधी जागा पाहा. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या जरा मागे हवं. दोन पट्ट्यांच्या मध्यावर दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तरी खरखर राहते.

मग जोर मोजा. तारेवर बोट नुसतं टेकवा आणि उजव्या हाताने छेडत राहा: आधी ‘ठप्प’ आवाज येईल. दाब हळूहळू वाढवा: खरखर येईल, आणि मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. बहुतेकांना इथे कळतं की आपण विनाकारण कितीतरी जास्त जोर लावत होतो. जादा जोराने हात थकतो, शिवाय तार ताणली जाऊन स्वर चढा लागतो.

अंगठा नेकच्या मागे, साधारण पहिल्या-दुसऱ्या बोटांच्या समोर, सपाट आणि सैल. तो वरून डोकावला की तळहात नेकला चिकटतो आणि करंगळी आखूड पडते. अधूनमधून अंगठा पूर्ण काढून एखादी ओळ वाजवा. दाब हाताच्या वजनाने येतो, चिमट्याने नाही, हे लगेच समजतं.

एवढं करूनही ठरावीक फ्रेटवरच खरखर येत असेल, तर दोष गिटारमध्ये आहे: उचललेला फ्रेट किंवा फार खाली उतरवलेल्या तारा.

११. बॅरे (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबणं) काही केल्या लागत नाही.

सगळ्या तारा सारख्याच जोराने दाबायच्या, हा समज आधी सोडा. पहिल्या फ्रेटवरची एफ मेजर कॉर्ड घ्या: पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं धरतात. तर्जनीला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली वाजवायची असते. मधे ती पोकळ राहिली तरी बिघडत नाही.

तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूवर कलवा, तिथे हाड जवळ असतं. पेरांच्या घडीत तार येत असेल तर बोट एक-दोन मिलिमीटर वर-खाली सरकवा. मग कोपर आणि खांदा सैल सोडून हाताच्या वजनाने बोट मागे ओढल्यासारखं करा.

सुरुवात पहिल्या फ्रेटवर करू नका. नटच्या शेजारी तार सर्वांत ताठ लागते. पाचव्या फ्रेटवर दोन तारांचा बॅरे घ्या, मग तीन, मग सहा. तिथे जमलं की एकेक फ्रेट खाली या. सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त नको.

१२. बोटं दुखतात, हे चालायचंच का?

डाव्या बोटांची टोकं पहिले काही आठवडे हुळहुळतात आणि मग निबर होतात, ते चालायचंच. मनगट, कोपराजवळचे स्नायू किंवा अंगठ्याचं मूळ दुखणं, मुंग्या येणं, बधिरपणा हे चालायचं नाही. त्याच क्षणी थांबा. विश्रांतीनंतर वाजवताना पुन्हा तेच झालं तर डॉक्टरांना दाखवा. दुखण्यातून वाजवत राहिल्याने हात कणखर होत नाही, स्नायूबंधांना सूज येते.

१३. रोज किती वेळ, आणि कशाचा रियाज?

सुरुवातीला ४० मिनिटं, तीही दोन तुकड्यांत. मोकळ्या तारांवर उजवा हात ५ मिनिटं, आर्पेजिओ १०, स्वरपट्टी ५, चालू रचना १५ आणि उरलेली ५ जुन्या रचनेला. इटालियन वादक माउरो जुलियानी यांनी १८१२ मध्ये उजव्या हातासाठी १२० आर्पेजिओ दिले, ते सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. डाव्या हाताला काम नाही, म्हणून सगळं लक्ष उजव्याकडे राहतं. ही युक्ती कुठल्याही अवघड आर्पेजिओला लावता येते.

रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत बसणं हा रियाज नव्हे. अडतं ते दोन मात्रांत. त्या काढा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर. तीनदा बिनचूक आणि हात सैल असेल तरच ४ ने वाढवा.

१४. टॅबवर (तार आणि फ्रेट आकड्यांनी दाखवणारी लिपी) भागतं, मग स्वरलिपी कशाला?

टॅब जागा दाखवते. कोणता आवाज खर्जाचा, कोणता सुरावटीचा आणि कोणता किती वेळ टिकवायचा, हे तिच्यात नीट दिसत नाही. उलट स्वरलिपीत जागा दिसत नाही. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. म्हणून तारेचा क्रमांक लिहितात (प्रश्न ५). गिटारचा स्वर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, हेही पियानोवाल्याबरोबर वाजवताना ध्यानात ठेवा.

१५. नव्या तारा सारख्या उतरतात. तारा खराब आहेत का?

बहुधा नाहीत. नायलॉन ताणत राहतं. स्थिर व्हायला तीन-चार दिवस, कधी आठवडा लागतो. रोज लावा, वाजवा, पुन्हा लावा. पण तार एकदम झटक्याने उतरत असेल तर गाठ पाहा. ब्रिजवर तारेचं टोक स्वतःभोवती गुंडाळतो, तेव्हा शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला जायला हवा. खर्जाच्या तारांना एक वेढा पुरतो, बारीक तारांना दोन-तीन द्या. पहिली तार गुळगुळीत असते, निसटली तर टोक पाटीला फटका मारून खड्डा पाडतं.

१६. ट्यूनर सगळं बरोबर दाखवतो, तरी कॉर्ड बेसूर का वाटते?

तीन कारणं, याच क्रमाने तपासा. पहिलं, जादा जोर (प्रश्न १०). दुसरं, जुन्या तारा: फ्रेटवर घासून खाली खाचा पडल्या की तार लांबीभर सारखी कंपत नाही. जाड नायलॉनची तिसरी तार यात सर्वांत बदनाम. तिसरं कारण फ्रेटच्या रचनेतच आहे. बारा स्वर समान अंतरावर बसवल्याने मेजर थर्ड शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (एक सेंट म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. तानपुऱ्याला सरावलेला कान तो लगेच पकडतो. ई मेजरमधला तिसऱ्या तारेवरचा थर्ड उतरवून गोड केलात, तर सी मेजरमधला मोकळा जी उतरा लागेल.

पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मॉनिक जुळवत एकेक तार लावण्याची पद्धत टाळा. दर पायरीला सुमारे २ सेंटची चूक साचते. त्याऐवजी सगळं एकाच स्वराशी पडताळा. मोकळ्या पहिल्या तारेचा ई घ्या. दुसरीचा पाचवा आणि तिसरीचा नववा फ्रेट त्याच स्वरात, चौथीचा दुसरा आणि पाचवीचा सातवा एक सप्तक खाली, मोकळी सहावी दोन सप्तकं खाली.

सहावी तार डी मध्ये उतरवायची रचना असेल तर आधी डीच्या खाली जा आणि मग वर या. ताण कमी झाल्याने बाकीच्या तारा किंचित चढतात, म्हणून शेवटी त्याही पाहा.

१७. जागा बदलताना तारा कुईकुई आवाज करतात.

हा खर्जाच्या, गुंडाळलेल्या तारांचा आवाज. बोट आधी सरळ वर उचला, मग सरकवा. बहुतेक जण सरकवत उचलतात. तारेला टेकून सरकायला बोट हवंच असेल तर नायलॉनच्या तारेवरचं निवडा. पूर्ण नाहीसा होत नाही, आणि त्याच्या भीतीने ओळ तोडू नये.

१८. माझा ट्रेमोलो (अंगठ्यानंतर तीन बोटांनी एकच तार भरभर छेडणं) घोड्यासारखा दौडतो.

म्हणजे ए-एम-आय पटापट येतात आणि अंगठ्याच्या आधी खिंडार पडतं. वेग कमी करून प्रत्येक स्वर तोडून वाजवा: पुढचं बोट आधी तारेवर टेकेल, आवाज बंद होईल, मग छेड. त्यानंतर जोर दर वेळी वेगळ्या बोटावर द्या, आधी ए, मग एम, मग आय. सराव दुसऱ्या तारेवर करा. दोन्ही बाजूंना तारा असल्याने बोटांच्या हालचाली आपोआप लहान होतात. चारही छेडी एका वेगात असतील तर ६० वरही ट्रेमोलो सलग वाटतो. असमान असेल तर १४० वरही नाही.

१९. मी डावखुरा आहे. तारा उलट्या लावू का?

नुसत्या तारा फिरवून भागत नाही. नटच्या खाचा तारांच्या जाडीनुसार कापलेल्या असतात, आणि ब्रिजवरची पट्टी खर्जाच्या बाजूला उंच असते. दोन्ही नव्याने करून घ्यावे लागतात. पाटीखालच्या पट्ट्याही काही गिटारींमध्ये दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. अगदी नव्याने शिकत असाल तर उजव्या पद्धतीने दोन-तीन आठवडे करून पाहा. काम दोन्ही हातांना आहे, आणि मिळणारी बहुतेक वाद्यं त्याच पद्धतीची असतात. लय उजव्या हातात उतरतच नसेल, तर मुळातच डावखुऱ्यांसाठी बनवलेली गिटार घ्या आणि या सगळ्या उत्तरांत डावा-उजवा अदलाबदल करून वाचा.